मुका मार, फोटो आणि हाडातली गाठ

आमच्या धाराशिव भागात हाडाच्या दुखण्याची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होते : ‘पडल्याचं निमित्त झालं.’ पोरगं झाडावरून पडलं. मोटारसायकल घसरली. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा मोळी उचलताना गुडघा लचकला. चार दिवस शेकलं, तेल लावलं, उतरेना म्हणून तालुक्याला जाऊन फोटो काढला. एक्स-रेला आमच्याकडे अजूनही ‘फोटो’च म्हणतात. आणि फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय हे खरं, पण त्याच जागी हाडात एक गाठ दिसतेय.

तिथून पुढे घरात दोन प्रश्न उभे राहतात. ही गाठ त्या मारामुळे झाली का? आणि गाठ म्हणजे कॅन्सरच का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचंही बऱ्याचदा ‘नाही’च आहे, विशेषतः लहान मुलांत आणि तरुणांत. आज डॉक्टर ही उत्तरं दोन मिनिटांत देतात. पण ती मिळवायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली, आणि त्या काळात जगभर कित्येकांचे हातपाय कापले गेले, ज्यातले बरेचसे वाचले असते. मी डॉक्टर नाही. मला या गोष्टीतल्या इतिहासाचं कुतूहल आहे : माणसं कशी चुकली, कशानं सुधारली, आणि ते शहाणपण आमच्या जिल्ह्यापर्यंत कोणत्या रस्त्यानं आलं.

माराचा संशय जुना आहे

‘मार लागला म्हणून गाठ आली’ हा समज अडाणीपणाचा म्हणून हसण्यासारखा नाही. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे प्रकार सांगताना मांसार्बुदाचं कारण म्हणून मुठीच्या प्रहारासारखा आघात सांगितला आहे. मार लागलेल्या जागचं मांस दूषित होतं आणि तिथे न दुखणारी, दगडासारखी, न हलणारी सूज धरते, असं ते वर्णन आहे. हाडावर वाढलेल्या हाडाला ‘अध्यस्थी’ असा वेगळा शब्दही तिथे आहे. युरोपातले शल्यचिकित्सकही एकोणिसाव्या शतकात रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारत : कुठे आपटला होतात का?

आणि उत्तर ‘हो’ असंच यायचं. कारण न पडलेला माणूस जगात नाही. शरीरात गाठ सापडली की माणूस आठवणीत मागे जातो आणि एखादा मार शोधून काढतो. आमच्याकडे तर या शोधाला एक मोठी खुंटी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, तेव्हापासून उमरगा-लोहारा पट्ट्यात कितीतरी गोष्टींचा काळ ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असाच मोजला जातो. अंगावर भिंत पडलेल्या माणसानं वीस वर्षांनी दुखायला लागलेल्या पायाचा संबंध त्या पहाटेशी जोडला, तर त्यात नवल नाही.

विसाव्या शतकात या समजाला पैशाचा पदर जोडला गेला. कारखान्यात इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणारे कायदे आले. भारतातही १९२३ मध्ये कामगार भरपाई कायदा झाला. मग न्यायालयांसमोर प्रश्न आला : कामावर मार लागला, नंतर तिथेच गाठ झाली, तर मालक जबाबदार का? अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जेम्स इविंग यांनी १९३५ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं. इजा खरोखर झाली होती का, ती पुरेशी मोठी होती का, ती जागा आधी धडधाकट होती का, गाठ नेमकी तिथेच आली का, मधला काळ पटण्याजोगा आहे का, आणि गाठ खरंच गाठच आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालंय का, अशा अटी या वादात लावल्या जाऊ लागल्या. एवढ्या चाळणीतून फार थोडी प्रकरणं खाली उतरत. बहुतेकांत मार हे गाठीचं कारण नसून ती उघडकीस येण्याचं निमित्त असे.

आपल्या भाषेतला ‘निमित्त’ हा शब्द म्हणूनच इथे अगदी चपखल आहे. गाठीनं हाड आतून पोखरलेलं असतं. धडधाकट हाडाला ज्या पडण्यानं काही झालं नसतं, तेवढ्यानं ते मोडतं. किंवा हाड मोडतही नाही, फक्त मुक्या मारासाठी काढलेल्या फोटोत कित्येक महिने गुपचूप बसलेली गाठ दिसते. अलीकडच्या काळात या निष्कर्षाला जनुकांचाही आधार मिळाला. अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्ट या रक्तानं भरलेल्या पोकळीसारख्या गाठीत यूएसपी-६ या जनुकाची उलथापालथ होते, हे २००४ मध्ये दिसलं. जायंट सेल ट्यूमर या गाठीत एच-३-एफ-३-ए या जनुकातला एक ठरावीक बदल बहुसंख्य रुग्णांत असतो, हे २०१३ मध्ये कळलं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. मुक्या मारानं खरोखरच एक प्रकारची कठीण गाठ होते. स्नायूत रक्त साकळतं आणि काही आठवड्यांत तिथे हाड धरू लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. हा ट्यूमर नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा मधला भाग पाहिला तर तो हाडाच्या कॅन्सरसारखा भासू शकतो. लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की यात पक्कं हाड कडेला असतं आणि कच्च्या पेशी मध्यभागी. म्हणजे फक्त मधला तुकडा पाहणारा फसणार. कोपराला मार लागल्यावर जोरजोरात मालिश केली तर हे हाड धरणं वाढतं आणि कोपर आखडून बसतं. हाडवैद्याकडे जाऊन आखडलेले असे कोपर आमच्याकडच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

गाठ साधी की घातकी?

एक्स-रे नव्हते तेव्हा हाडाची गाठ कळायची ती हातानं चाचपून, आणि खात्री व्हायची ती कापून. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१८ मध्ये, आज आपण जायंट सेल ट्यूमर म्हणतो त्या गाठीचं वर्णन केलं. ती तरुण वयात होते, गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ हाडाच्या टोकाला होते आणि हाड फुगवत नेते. पॅरिसच्या ओग्युस्त नेलातों यांनी १८६० मध्ये सांगितलं की ही गाठ जागच्या जागी नासधूस करते, पण कॅन्सरसारखी वागत नाही. हे नेलातों पुढे वेगळ्याच कारणानं गाजले. १८६२ मध्ये इटलीच्या गॅरिबाल्डीच्या पायात गोळी आहे की नाही यावर डॉक्टरांचं एकमत होईना, तेव्हा नेलातोंनी टोकाला चिनीमातीचा मणी असलेली सळई वापरायला दिली. शिशाचा ओरखडा त्या मण्यावर उमटला आणि गोळी सापडली. हाडाच्या आत पाहण्याची साधनं तेव्हा किती तोकडी होती, हे यावरून कळतं.

नेलातोंचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही. हाडात वाढणारी गाठ म्हणजे सार्कोमा, आणि सार्कोमा म्हणजे पाय कापणं, हा हिशेब पुढची पन्नास वर्षं चालू राहिला. सर्जनच्या बाजूनं पाहिलं तर तो अगदीच निर्दय नव्हता. चूक दोन्हीकडून होऊ शकत होती. साधी गाठ घातकी समजली तर पाय जातो, घातकी गाठ साधी समजली तर जीव जातो. मग पाय देणं बरं.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीत क्ष-किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची हाडं छायाचित्रात उतरवली. आमच्या लोकांनी एक्स-रेला ‘फोटो’ म्हटलं ते इतिहासाला धरूनच आहे. आता गाठ कापण्याआधी दिसू लागली. तिची कड स्वच्छ आहे की कुरतडलेली, हाडाचं कवच शाबूत आहे की फुटलंय, गाठ हाडाच्या टोकाला आहे की मधे, हे सगळं वाचता येऊ लागलं.

पण वाचायला शिकवणार कोण? इथे बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांचं नाव येतं. एक्स-रे वापरणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याचा हिशेब इस्पितळानं ठेवलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी त्यांनी आपल्या शहरातल्या प्रतिष्ठितांशी वैर घेतलं. १९२० च्या सुमारास त्यांनी इविंग आणि बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड यांच्यासोबत हाडाच्या सार्कोमांची एक नोंदवही सुरू केली. देशभरच्या सर्जनांकडून रुग्णांच्या हकिगती, एक्स-रे आणि पेशींच्या काचपट्ट्या मागवल्या. एकाच काचपट्टीवर तज्ज्ञांची मतं जुळत नाहीत, हे त्यातून उघडं पडलं. ब्लडगुड तर १९१२ पासूनच सांगत होते की जायंट सेल ट्यूमर ही साधी गाठ आहे, ती खरवडून काढा, पाय कापू नका. ‘जायंट सेल ट्यूमर’ हे नावही त्यांनीच रूढ केलं.

उरलेली गुंतागुंत न्यूयॉर्कच्या हेन्री जॅफे आणि लुई लिश्टेन्स्टाईन या पॅथॉलॉजिस्ट जोडीनं सोडवली. तोवर ज्या गाठीत मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसत, त्या सगळ्या एकाच पोत्यात टाकल्या जात. १९३५ ते १९४२ या काळात या दोघांनी ते पोतं उलटं केलं आणि एकेक दाणा निवडला. रात्री ठणकणारी आणि अ‍ॅस्पिरिननं थांबणारी छोटीशी ऑस्टिऑइड ऑस्टिओमा वेगळी. मुलांच्या हाडात पाण्यानं भरलेली साधी सिस्ट वेगळी. रक्तानं भरलेली अ‍ॅन्युरिझमल सिस्ट वेगळी. आणि नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा वेगळी, जी वाढत्या वयात असंख्य मुलांच्या हाडात येते, काही त्रास देत नाही आणि वय वाढलं की आपसूक भरून निघते. नाव वेगळं झालं की उपचार वेगळा झाला. अनेक गाठींचा उपचार तर ‘काहीही करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा’ एवढाच उरला.

धाराशिवहून दवाखान्यापर्यंत

जॅफे न्यूयॉर्कमध्ये काचपट्ट्या निवडत होते तेव्हा आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याचं उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेलं होतं. मोठा दवाखाना म्हणजे राजधानीतलं उस्मानिया इस्पितळ. १९२५ मध्ये मुसी नदीकाठी त्याची भव्य इमारत उभी राहिली. पण भूम-परंड्याच्या शेतकऱ्याला हैदराबाद फार लांब.

त्याच्या जवळ होती ती बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी अशी ही अरुंद गाडी सुरू झाली. १९११ मध्ये ती येडशीवरून लातूरला पोचली, आणि दुसऱ्या बाजूनं पंढरपूर गाठून १९२७ मध्ये मिरजेला. मिरजेत विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभं केलं होतं आणि शस्त्रक्रियेसाठी त्याची ख्याती दूरवर होती. म्हणजे १९२७ नंतर येडशीला गाडीत बसलेला रुग्ण रुळांवरूनच थेट नावाजलेल्या सर्जनच्या दारात उतरू शकत होता. संस्थानची राजधानी एकीकडे आणि आगगाडीची दिशा दुसरीकडे, असा हा पेच होता. आमच्या लोकांची पावलं पश्चिमेकडे वळली त्याला असे रस्तेही कारण आहेत.

यातली गंमत पुढे आहे. ज्या निजामाचं नाव जिल्ह्याला होतं, त्याच्याच धर्मादाय ट्रस्टनं १९६० च्या दशकात हैदराबादला खास हाडांचं इस्पितळ काढलं : निजाम्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. आज ‘निम्स’ म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यातूनच वाढली. पण तोवर १९४८ ची पोलीस कारवाई होऊन गेली होती, १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून सुटला होता आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला होता. हाडांचं इस्पितळ निघालं तेव्हा आम्ही त्या राज्यात उरलो नव्हतो. आमच्या वाट्याला आलं ते १९६३ मध्ये सुरू झालेलं सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय, १९७० च्या दशकातलं अंबाजोगाईचं, आणि गाठ घातकी निघालीच तर मुंबईचं टाटा मेमोरियल, जे १९४१ मध्ये उघडलं. खुद्द धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२२ उजाडलं.

या अंतराचा हाडातल्या गाठीशी थेट संबंध आहे. साधी गाठ जीव घेत नाही, म्हणून ती थांबू शकते असं घरच्यांना वाटतं. सोलापूरला जायचं म्हणजे दोन जणांचा रोज बुडतो. ऊसतोडीच्या कोयत्यातला एक जण आजारी पडला तर उचल फिटत नाही. मग ‘हंगाम उरकून बघू’ असं ठरतं. साधी सिस्ट असेल तर हंगाम उरकून काही बिघडत नाही. जायंट सेल ट्यूमर असेल तर त्या सहा महिन्यांत गुडघ्याचा सांधा हातचा जाऊ शकतो. दोन्ही गाठी ‘साध्या’च, पण दोघींना लागणारा वेळ सारखा नाही. आणि कोणती कोणती आहे, हे फोटो काढल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

मोजलं जातं ते दिसतं

कॉडमन यांच्या नोंदवहीचा एक नातेवाईक आमच्याच मातीत आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटा मेमोरियलच्या कामातून १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शी तालुक्यासोबत आमचे परंडा आणि भूम हे तालुके आहेत. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता नोंदणीची माणसं गावोगाव गेली, लक्षणं समजावून सांगितली, संशयितांना तपासणीला आणलं. त्या कामाच्या अनुभवावरच पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. इथल्या खेड्यांतल्या बायांनी जगाच्या वैद्यकाला दिलेलं हे देणं आमच्या शाळांत शिकवायला हवं.

पण कर्करोग नोंदणीत कर्करोगच मोजला जातो. साध्या गाठीनं पांगळा झालेला तरुण कुठल्याच वहीत नसतो. त्याचा कॅन्सर नाही म्हणून एका यादीत नाव नाही, आणि तो अपघातही नाही म्हणून दुसऱ्या यादीतही नाही. ऊसतोडीत मोडलेल्या पायाबद्दल कुणी विचारलंच, तर मुकादम म्हणणार, हाड आधीच किडलेलं होतं. इविंग यांची चाळणी गरिबाच्या विरुद्धही वापरता येते, हे त्यातलं कडू सत्य आहे. गाठ आधीची असेल, पण मोळी पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पाय मोडला तो कामावरच ना? गाठ कुणामुळे झाली आणि हाड कशानं मोडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर देऊन दुसरा पुसता येत नाही.

खरवडणं, भरणं, थांबणं

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो कमी कापण्याचा इतिहास आहे.

मुलाचा दंड पडल्यानं मोडला आणि आत साधी सिस्ट निघाली, तर आधी हात झोळीत बांधून हाड जुळू देतात. काही मुलांत हाड जुळता जुळता सिस्टही भरून येते. नाही भरली तर इटलीतल्या फ्लोरेन्सचे ओस्कार स्काल्येत्ती यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला मार्ग आहे : सुईनं आतलं पाणी काढायचं आणि स्टिरॉइड सोडायचं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी पूर्वी हाडाचा तुकडा काढत. १९९२ पासून सीटी स्कॅनच्या मदतीनं सुई घालून ती उष्णतेनं जाळता येते.

जायंट सेल ट्यूमर मात्र चिवट. नुसती खरवडली तर पुष्कळ रुग्णांत ती परत येते. म्हणून आता आतली भिंत वेगानं फिरणाऱ्या बरनं घासून काढतात आणि पोकळीत कमरेचं हाड किंवा बोन सिमेंट भरतात. सिमेंटचा आणखी एक फायदा असा की गाठ परत आली तर फोटोत त्याच्या कडेला ती चटकन दिसते. २०१३ पासून डेनोसुमॅब हे इंजेक्शनही या गाठीसाठी मान्यता मिळून वापरात आलं. खर्चाचं म्हणाल, तर आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना नावाची जी योजना आहे, तिचा पहिला अवतार २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आला. त्यात सोलापूर होतं, आम्ही नव्हतो. आमच्याकडे ती २०१३ च्या शेवटी पोचली.

या सगळ्यात एक पायरी अशी आहे जिथे अजूनही घाई नडते : बायोप्सी. हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये हाडाच्या आणि मऊ भागाच्या घातकी गाठींच्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. जवळपास पाचातल्या एकाच्या निदानात मोठी चूक होती, आणि जिथे पुढचा उपचार होणार नव्हता अशा ठिकाणी केलेल्या बायोप्सीत चुका कितीतरी जास्त होत्या. १९९६ मध्ये त्यांनी ५९७ रुग्णांवर तीच मोजणी पुन्हा केली. चित्र फारसं सुधारलं नव्हतं. धडा साधा आहे : जो सर्जन शेवटची शस्त्रक्रिया करणार, त्यानंच सुई कुठून घालायची ते ठरवावं. बायोप्सीशिवाय कुणी ‘चला, खरवडून टाकू’ म्हणालं, तर तालुक्याच्या पेशंटनंही विचारायला हवं की पुढे रिपोर्ट वेगळा आला तर काय?

आणि हाडाच्या सुजेमागे गाठच असते असंही नाही. आपल्याकडे हाडाचा क्षय आहे, जुना जंतुसंसर्ग आहे. एकाच फोटोतून हे सगळं सुटत नाही. रक्त, एमआरआय, बायोप्सी आणि एक्स-रे वाचणारा, काचपट्टी वाचणारा आणि सर्जन या तिघांचं एकमत, ही जॅफेंच्या काळापासून चालत आलेली रीत अजून बदललेली नाही.

हाडवैद्याला शिव्या देऊन हा लेख संपवणं सोपं आहे. पण ज्या गावात रात्री दहा वाजता तोच एक माणूस दार उघडतो, तिथे लोक त्याच्याकडेच जाणार. पडलेल्या पोराला त्याच्याकडून कामट्या बांधून घेतल्या म्हणून कुणाला दोष देऊ नये. मात्र काही खुणा घरात प्रत्येकाला माहीत असाव्यात : लहानशा पडण्यानं हाड मोडलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं, सूज तीन-चार आठवड्यांत उतरायच्या ऐवजी वाढली, तर त्या जागी तेलाचा हात फिरू देऊ नये, फोटो काढावा. काढलेला फोटो फेकू नये. पुढच्या डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडतो तो जुना फोटो, कारण गाठ किती वेगानं वाढली हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं. कॉडमन यांनी आयुष्यभर इस्पितळांकडे मागितली ती गोष्ट एवढीच होती, आणि ती घरातल्या कपाटातही ठेवता येते.